चूक लाकडानं सोसावी

बाल्सा लाकूड आणि तार घेऊन बायप्लेन बनवणारा आणि ते जमिनीवरून रेडिओनं उडवणारा, याला आपण हौशी म्हणतो. पण या हौसेच्या मुळाशी एक मृत्यू आहे.

९ ऑगस्ट १८९६ रोजी जर्मनीत ओटो लिलिएन्थाल ग्लायडरसह कोसळले. दुसऱ्या दिवशी गेले. अंगाचा भार इकडेतिकडे सरकवून ते तोल सांभाळत. त्या दिवशी ते पुरलं नाही.

उडता येत होतं हो, सावरता येत नव्हतं! अमेरिकेत डेटनला सायकलींचं दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटनी १८९९ साली पाच फुटी पतंग केला. एकावर एक दोन पंख, मध्ये उभ्या काठ्या आणि तिरके ताण. पुढून मागे जाणारे ताण मात्र मुद्दाम दिले नाहीत, म्हणजे पंखांना पीळ देता यावा. टोकांपासून चार दोऱ्या हातातल्या दोन काठ्यांपर्यंत आणल्या. काठ्या उलटसुलट कलवल्या, की पतंग हवा तिकडे झुके.

आज दोरीच्या जागी रेडिओ आला. मॉडेलचं मोल मला यातच दिसतं: आधी चूक लाकडानं सोसावी. १७ डिसेंबर १९०३ ला इंजिनासह माणूस उडाला, तो याच पिळणाऱ्या पंखांवर.