उदक, जीवित आणि पिंपातला काळ

मद्याच्या आस्वादाविषयी मराठीत लिहू लागले की लेखणी एकतर चेष्टेकडे वळते, नाहीतर उपदेशाकडे. मुरलेल्या आयरिश व्हिस्कीबाबत आम्हाला हे दोन्ही मार्ग अपुरे वाटतात. तिची चव समजून घ्यायची तर एका पराभवाचा इतिहास समजून घ्यावा लागतो.

आरंभ नावापासून करू. आयरिश भाषेतील ‘इश्का बाहा’ म्हणजे जीवनाचे पाणी. यातील ‘इश्का’वरून ‘व्हिस्की’ आली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ‘इश्का’ हा आपल्या ‘उदका’चा आणि ‘बाहा’ हा ‘जीविता’चा दूरचा भाऊबंद. संस्कृतात ‘जीवन’ म्हणजेच पाणी, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

आयर्लंडची खास व्हिस्की मोड आलेले आणि न आलेले जव एकत्र करून, तांब्याच्या भांड्यांतून एकेक घाणा काढत तयार होते. मोड आलेल्या जवावरील कर टाळण्याच्या खटपटीने या मिश्रणाला बळ दिले. त्यातून आलेला स्निग्ध, किंचित मसालेदार स्वाद हीच पुढे तिची ओळख ठरली.

१८३० साली ईनिअस कॉफी या माजी अबकारी अधिकाऱ्याने अखंड चालणाऱ्या ऊर्ध्वपातन यंत्राचे पेटंट घेतले. यंत्र डब्लिनचे, पण त्याचा लाभ उठवला तो मुख्यतः स्कॉटलंडने. डब्लिनच्या बड्या उत्पादकांना ते मद्य निःसत्त्व वाटले. १८७८ मध्ये त्यांतील चौघांनी त्याविरुद्ध पुस्तकच प्रसिद्ध केले. परंतु १९०९ मध्ये ब्रिटिश राजआयोगाने यंत्राच्या मद्यालाही ‘व्हिस्की’ म्हणण्यास मान्यता दिली. पुढे अमेरिकेतील दारूबंदी (१९२०–३३) आणि १९३०च्या दशकातील ब्रिटनशी व्यापारयुद्ध यांनी धंदा आणखी खचला. १९६६ मध्ये उरलेल्या प्रमुख घराण्यांना एकत्र यावे लागले. १९७०च्या दशकाअखेर संपूर्ण बेटावर मिडलटन आणि बुशमिल्स या दोनच भट्ट्या शिल्लक होत्या.

मिडलटनची जुनी भट्टी १९७५ मध्ये बंद झाली. तिच्यात १९७४ साली गाळलेली व्हिस्की ४५ वर्षे पिंपात राहून २०२० मध्ये बाटलीत आली. भट्टी विझली, तरी तिचे काम लाकडात चालूच राहिले! ओकच्या पिंपातून दरवर्षी सुमारे दोन टक्के द्रव उडून जातो. त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. बाटलीत मात्र व्हिस्की मुरत नाही. तिचे वय म्हणजे पिंपातील वर्षे.

वय म्हणजे गुण, असे मात्र कोणी समजू नये. फार काळ ठेवल्यास लाकूड धान्याला गिळून टाकते आणि जिभेवर केवळ तुरटपणा उरतो. म्हणून पाण्याचे दोन थेंब घालून, वास घेत, सावकाश चाखताना जाणकार लाकडाखाली जव शोधतो. साहित्यकृतीच्या बाबतीतही आम्ही वर्गात हेच सांगत असतो: तिचे जुनेपण मान्य करा, पण तिच्यात आज काय जिवंत आहे ते स्वतः चाखून ठरवा.

डब्लिनकरांचा हट्ट व्यवहारात चुकला, हे खरेच. पण तो हट्ट नसता, तर आज शोधायला तो जवही उरला नसता.