हवामान परिषदांचे यजमानपद आणि पर्यावरणीय विसंगती : बर्लिन ते बेलेम (१९९५–२०२५)

प्रस्तावना

१९९२ च्या रिओ दि जानेरो येथील वसुंधरा परिषदेत हवामान बदलविषयक आराखडा करार स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला. १९९४ मध्ये तो अमलात आला आणि १९९५ पासून सदस्य राष्ट्रांची वार्षिक परिषद भरू लागली. या परिषदांच्या यजमानपदातून उद्भवलेल्या पर्यावरणीय विसंगतीचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

परिषदेचा वाढता विस्तार

बर्लिन येथील पहिल्या परिषदेस सुमारे चार हजार लोक उपस्थित होते. २०२३ च्या दुबई परिषदेत ही संख्या ऐंशी हजारांपुढे गेली. २०२१ च्या ग्लासगो परिषदेच्या पूर्वअंदाजानुसार एकूण उत्सर्जन एक लाख टनांहून अधिक होते आणि त्यातील सुमारे ६० टक्के वाटा आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा होता. यजमान शहराने कितीही काटकसर केली, तरी उत्सर्जनाचा मोठा भाग त्याच्या हाताबाहेरच राहतो.

बॉन आणि बेलेम : दोन टोके

२०१७ मध्ये अध्यक्षपद फिजीकडे होते, परंतु एवढ्या मोठ्या परिषदेचा भार त्या लहान द्वीपराष्ट्राला पेलणारा नव्हता. म्हणून ती कराराचे सचिवालय असलेल्या जर्मनीतील बॉन शहरात भरली. फिजीच्या किनाऱ्यावर बांधकामाचा भार पडला नाही. मात्र वाढत्या समुद्रपातळीने धास्तावलेला तो किनारा प्रतिनिधींच्या नजरेआडच राहिला.

ब्राझीलने २०२५ मध्ये नेमका उलट मार्ग स्वीकारला. जगाने ॲमेझॉन प्रत्यक्ष पाहावे, या हेतूने राष्ट्राध्यक्ष लूला यांनी बेलेम शहराचा आग्रह धरला. शहरात हॉटेलांच्या खाटा सुमारे १८ हजार आणि अपेक्षित पाहुणे पन्नास हजारांच्या आसपास. परिणामी निवासासाठी समुद्रपर्यटनाची दोन मोठी जहाजे आणावी लागली. भाडी एवढी कडाडली की गरीब राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी परिषद अन्यत्र हलविण्याची मागणी केली. याच काळात संरक्षित वनपट्ट्यातून सुमारे १३ किलोमीटरच्या चौपदरी महामार्गाचे काम चालू होते. ही योजना परिषदेपूर्वीची असल्याचे राज्य सरकारने सांगितले, तरीही जंगल वाचविण्याच्या चर्चेशेजारी जंगलतोड हे दृश्य जगासमोर आलेच.

निष्कर्ष

केवळ परिषदेच्या उत्सर्जनावर बोट ठेवून तिची उपयुक्तता नाकारणे इतिहासाला धरून होणार नाही. २०१५ चा पॅरिस करार अशाच परिषदेतून साकारला. खरा प्रश्न आकाराचा आहे. वाटाघाटींसाठी जमलेल्या परिषदेला मेळ्याचे रूप आले, की तिचा भार सर्वांत नाजूक प्रदेशावर पडतो आणि सर्वाधिक झळ सोसणाऱ्या राष्ट्रांनाच तेथे पोहोचणे दुरापास्त होते. अध्यक्षपद आणि स्थळ यांची फारकत शक्य आहे, हे फिजीच्या उदाहरणाने दाखविले. तिच्या जोडीला उपस्थितीवर मर्यादा घालणे आवश्यक आहे. मात्र ती कात्री लहान राष्ट्रांच्या प्रतिनिधींवर चालता कामा नये.