पाठमोरी नात

माझी नात गाडीत पाठमोरी बसते. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात ती राहते. आम्ही दोघं नवरा-बायको पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा जावई विमानतळावर न्यायला आला होता. मागच्या बाकावर लहान मुलाची एक भलीमोठी खुर्ची बसवलेली. तिची पाठ ड्रायव्हरकडे आणि तोंड मागच्या काचेकडे. त्यात तीन वर्षांची आमची नात पट्ट्यांनी बांधलेली. बायको शेजारी बसली आणि पहिलंच वाक्य बोलली, "अगं, हिला शिक्षा केलीय की काय? शाळेत दंगा करणाऱ्या पोराला भिंतीकडे तोंड करून उभं करतात तसं!"

मलाही ते बरं वाटलं नाही. मी मुलीला म्हटलं, "तीन वर्षांची झाली, आता तरी वळव तिला पुढं." ती म्हणाली, "अब्बा, चार पूर्ण होऊ देत. मग बघू."

चारच का? दोन का नाही, पाच का नाही? हा आकडा ठरवला कोणी? या प्रश्नामागे जाताना मला मोटारगाडीचा एक वेगळाच इतिहास सापडला. मुलाचं तोंड कुठं असावं, हे आपण मोठी माणसं कशावरून ठरवत आलो, त्याचा हा इतिहास आहे.

मुलांसाठी गाडीतली खुर्ची १९३० च्या दशकातच अमेरिकेत मिळू लागली होती. पण तिचा सुरक्षिततेशी काही संबंध नव्हता. मूल गाडीभर हिंडू नये, त्याला खिडकीतून बाहेर दिसावं आणि आईबापांना ते नजरेसमोर असावं, एवढाच हेतू. अपघात होऊ शकतो हे गृहीत धरून खुर्ची बनवायला १९६० चं दशक उजाडावं लागलं.

ही गोष्ट घडली ती माझी नात राहते त्याच गावात. गोथेनबर्गच्या व्होल्वो कंपनीत १९५९ साली निल्स बोलिन या अभियंत्यानं मोठ्या माणसांसाठी तीन बिंदूंचा पट्टा आणला. आज प्रत्येक मोटारीत असतो तोच. बोलिन त्याआधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत होता. पण हा पट्टा लहान मुलाला बसेना. तेव्हा बर्टिल आल्डमन या स्वीडिश डॉक्टरचं लक्ष अमेरिकेच्या जेमिनी अंतराळयानाकडे गेलं. त्यातले अंतराळवीर पाठीवर रेलून, अंगाच्या साच्यात बसतील अशा आसनांत असायचे. प्रचंड जोर यायचा, पण तो एका जागी न येता सगळ्या पाठीवर पसरायचा. आल्डमननं विचार केला, मुलाला असंच बसवलं तर? १९६४ साली अशा पाठमोऱ्या खुर्चीचा पहिला नमुना तपासला गेला. १९६७ साली व्होल्वोनं पुढची सीटच उलटी फिरवून मुलासाठी वापरायची सोय दिली आणि १९७२ साली स्वतंत्र पाठमोरी खुर्ची बाजारात आणली. आल्डमन पुढं गोथेनबर्गच्याच चाल्मर्स विद्यापीठात प्राध्यापक झाले.

या उलट्या बसण्यामागचं शास्त्र साधं आहे. नवजात बाळाच्या लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा नुसतं डोकं असतं. मोठ्या माणसात तो सातवा-आठवा हिस्सा होतो. म्हणजे नाजूक देठावर मोठं फळ. त्यातून मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. त्यांचे भाग कूर्चेनं जोडलेले असतात आणि वरच्या मणक्यांत ही कूर्चा साधारण तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान हाडात बदलत जाते. गाडी समोरून आदळली की पुढं तोंड असलेल्या मुलाचं धड पट्टा धरून ठेवतो, पण डोकं पुढं झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. पाठमोरं मूल मात्र खुर्चीच्या पाठीत दाबलं जातं. डोकं, मान, पाठ एकत्र पेलली जातात. गंभीर अपघात बहुतांशी समोरून होतात, म्हणून पाठ पुढं.

स्वीडननं हे मनावर घेतलं आणि मुलं चार वर्षांची होईपर्यंत पाठमोरी बसवायची रीत पडली. तिथं बरीच वर्षं ही खुर्ची पुढच्या सीटवर असायची. मूल पाठमोरं, पण गाडी चालवणाऱ्या आईच्या अगदी शेजारी. १९९० च्या दशकात पुढच्या सीटसमोर एअरबॅग आल्या आणि चित्र बदललं. फुगणारी पिशवी पाठमोऱ्या खुर्चीवर एवढ्या जोरानं आदळते की बाळाचा जीव जातो. अमेरिकेत असे मृत्यू झाले. म्हणून एअरबॅग चालू असलेल्या सीटवर पाठमोरी खुर्ची कधीच ठेवायची नाही, हा नियम झाला. मूल मागच्या बाकावर गेलं आणि त्याचं तोंड आईबापांना दिसेनासं झालं. त्याला वळवायची घाई यातूनही होते, असं मला वाटतं.

अमेरिकेची गोष्ट आणखी बोलकी आहे. टेनेसी राज्यात रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्या खटपटीनं १९७७ साली तिथं लहान मुलांना खुर्चीत बसवण्याचा कायदा झाला. अमेरिकेतला तो पहिलाच. १९७८ पासून तो लागू झाला. पण विधिमंडळानं त्यात एक पळवाट ठेवली होती. मूल मोठ्या माणसाच्या कडेवर, मांडीवर असेल तर खुर्ची नको. आईच्या कुशीपेक्षा सुरक्षित जागा कुठली, असं लोकांना वाटत होतं. गणित मात्र वेगळं सांगतं. ताशी ५० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी आदळून क्षणार्धात थांबली, तर दहा किलोचं मूल हातात दोनशे किलोंहून जड होतं. ते कोण धरणार? शिवाय मागून धरणाऱ्याचंच अंग मुलावर कोसळतं. सँडर्स लढत राहिले आणि १९८१ साली ती पळवाट बंद झाली. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले.

इथं मी वाचता वाचता थांबलो. कारण त्या पळवाटेत मी स्वतः बसलेलो आहे.

१९९६ साल. माझी मुलगी तीन वर्षांची. चिपळूणहून कराडला निघालो होतो, एका स्नेह्याच्या गाडीतून. निघताना माझ्या आईनं नातीच्या दंडाला इमाम जामिन बांधला. प्रवाशाच्या सलामतीसाठी कापडात नाणं गुंडाळून बांधतात तो. मी ड्रायव्हरशेजारी बसलो आणि मुलीला मांडीवर घेतलं. तिला घाट दिसावा म्हणून तोंड पुढं करून. कुंभार्ली घाटात एका वळणावर बैलगाडी समोर आली, करकचून ब्रेक लागला. मी दोन्ही हातांनी तिला धरलं होतं. तरी ती सुटली आणि तिचं कपाळ समोर आपटलं. चार टाके पडले. ती खूण तिच्या भुवईवर अजून आहे. दंडाला नाणं होतं, अंगाला पट्टा नव्हता. 'वाचली, नशीब' असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो. माझे हात अपुरे पडले, हे मात्र इतकी वर्षं मी कुणाला म्हटलं नाही.

वळवण्याच्या वयाकडे परत येतो. युरोपच्या १९८० च्या दशकातल्या नियमात नऊ किलो वजन झालं की मूल पुढं वळवायची मुभा होती. म्हणजे अनेक मुलं वर्षाच्या आतच वळायची. २०१३ साली नवा नियम आला: पंधरा महिन्यांच्या आत वळवायचं नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००२ साली सांगितलं, किमान एक वर्ष आणि वीस पौंड. २०११ साली सांगितलं, दोन वर्षं. या दोन वर्षांमागे २००७ सालच्या एका अभ्यासाचा मोठा आधार होता. पुढं इतरांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तर ते जुळेनात, आणि तो अभ्यास मागे घेतला गेला. २०१८ साली संघटनेनं वयाचा आकडाच काढून टाकला. खुर्चीची पाठमोरं बसण्याची वजन-उंचीची जी कमाल मर्यादा असेल, तिथपर्यंत मुलाला पाठमोरंच बसवा, असं आता त्यांचं म्हणणं आहे.

कुणी म्हणेल, पाहा, तज्ज्ञांनाच ठाऊक नाही. मला उलट वाटतं. आकडा चुकला हे कबूल करूनही त्यांनी मुलाला पुढं वळवलं नाही, कारण मान तीच आहे आणि स्वीडनचा अनुभवही तोच आहे.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा खुर्ची नसेल तर हजार रुपये दंड ठेवला. २०२३ पासून भारत एनकॅपच्या चाचणीत अठरा महिन्यांच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढे पुतळे बसवून गाड्या तपासल्या जातात. आपली बहुतेक मुलं आजही स्कूटरवर पुढं उभी राहून आणि रिक्षात मांडीवर बसून जातात, हे मला माहीत आहे. खुर्ची महाग आहे, हेही. पण ज्यांच्या दारात गाडी आहे, त्यांनी तरी पहिल्या वाढदिवसाला मूल वळवू नये. 'आता मोठा झाला' ही बढती वाढदिवसाच्या मेणबत्त्या मोजून द्यायची नसते. खुर्चीबरोबर एक पुस्तिका येते, तिच्यात मर्यादा लिहिलेली असते. मुलाला वजनकाट्यावर उभं करा, उंची मोजा आणि मग ठरवा.

एक शंका मात्र सगळेच काढतात. आमच्या घरातही निघाली. पाय कुठं ठेवणार? माझ्या बायकोनं विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली, "पाय मोडला तर जोडता येतो, अम्मी. मान नाही." एरवी बोलताना तिचा हात भुवईकडे जात नाही. त्या दिवशी गेला. मी खिडकीबाहेर पाहिलं.

गेल्या महिन्यात नात चार वर्षांची झाली. मी फोनवर विचारलं, "वळवली का?" मुलगी म्हणाली, "वजन अजून बसतंय, उंचीही. राहू दे म्हटलं." मग तिनं फोटो पाठवला. मागच्या काचेतून बर्फ दिसतोय, आणि नात त्या खुर्चीत मस्त मांडी घालून बसली आहे.