पिपीलिक सुवर्ण

सभापर्वांत युधिष्ठिरास आलेल्या उपायनांच्या यादींत, मेरु व मंदर यांमधील शैलोदा नदीच्या कांठच्या खस आदि लोकांनीं 'पिपीलिक' नांवाचें सोनें आणल्याचें सांगितलें आहे. हें मुंग्यांनीं दिलेलें, व द्रोणानें मापण्याजोगें. आम्हीं पुष्कळ वर्षें शाळेंत हा भाग निव्वळ कविकल्पना म्हणून शिकविला. तो आमचा प्रमाद होता. आम्ही मुंग्यांकडे पाहत राहिलों, द्रोणाकडे लक्ष गेलें नाहीं.

द्रोण हें धान्याचें माप. लगड तराजूंत तोलतात. मापानें भरावयाचें तें सुटें, कणरूपच असलें पाहिजे. अर्थात् हें नदीच्या वाळूंतलें सोनें होय.

भूगर्भांत खोलवर तापलेलें पाणी अल्पसें सोनें विरघळवून घेऊन खडकांच्या भेगांतून वर चढतें, आणि दाब व उष्णता उतरतांच गारगोटीच्या शिरांत तें टाकून देतें. पुढें पर्वत उचलला जाऊन ऊनपावसानें व हिमानें झिजला कीं त्या शिरा फुटतात. गारगोटी पाण्याच्या सुमारें २.६५ पट जड, तर शुद्ध सोनें १९ पटींहून अधिक. म्हणून ओढा वाळू पुढें लोटतो, आणि सोनें वळणाच्या आंतल्या अंगास, धोंड्यांच्या आड, तळखडकाच्या चिरांत बसतें. नदीनें पात्र बदललें म्हणजे हेच थर कोरड्या माळावर राहतात. हें सोनें भट्टीवांचून आपल्या रूपांतच हातीं येतें. सभापर्वांत त्यास 'जातरूप' म्हटलें आहे तें आम्हांस सार्थ वाटतें. कौटिल्यानेंही जातरूप व आकरोद्गत, म्हणजे खाणींतून निघालेलें, हे प्रकार वेगळे गणिले आहेत.

आतां मुंग्या. इ. स. पू. ५ व्या शतकांत हिरोडोटसनें, हिंदुस्थानांत कोल्ह्याहून मोठ्या मुंग्या बिळें करतांना सोन्याची वाळू वर काढतात, असें लिहिलें. मिशेल पेसेल या फ्रेंच प्रवाशानें १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ह्या मुंग्या म्हणजे मार्मोट, बिळांत राहणारा थोराड खारीसारखा प्राणी, असें प्रतिपादिलें. सिंधूकांठच्या दानसर पठारावर मार्मोटांनीं उकरलेली माती आपले पूर्वज सोन्यासाठीं गोळा करीत, असें मिनारो लोकांनीं त्यास सांगितलें होतें. यानें शैलोदेचा स्थलनिर्णय होत नाहीं. मार्मोटाची मुंगी कशी झाली याविषयींचा त्याचा तर्कही आम्हांस लंगडा वाटतो. परंतु जुन्या नदीथरांत बीळ करणारा प्राणी खालची सुवर्णवाळू वर आणील, यांत अशक्य कांहीं नाहीं. तसें असल्यास त्या खसांस कुदळीचीही गरज पडली नसावी.