सरकारी ठेका, मजुराची मजुरी आणि कलम 23

सरकारी ठेक्याचा विषय निघाला की आपल्या कार्यकर्त्यांत दोनच गोष्टींची चर्चा होते : टेंडर कोणाला मिळाले आणि टक्केवारी किती गेली. ज्याच्या हातांनी रस्ता, धरण, शाळा उभी राहते त्या मजुराचे त्या करारात स्थान काय, हे क्वचितच कोणी विचारते. आमचे म्हणणे असे की हा आंबेडकरी चळवळीचा मूळचा प्रश्न आहे. त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपण विसरलो आहोत.

सुरुवात जोतीरावांपासून करू. महात्मा फुले स्वतः सरकारी कामांचे कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध आला होता. 1873 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’त त्यांनी इंजिनिअर खात्यातील ब्राह्मण नोकरशाहीच्या लबाड्यांवर पोवाडाच जोडला. जातीच्या प्रश्नावरील ग्रंथात बांधकाम खाते कशाला, असे कोणाला वाटेल. पण जोतीरावांनी ते खाते आतून पाहिले होते. हजेरी लिहिणारा, मोजमाप घेणारा आणि बिल काढणारा एका जातीचा, आणि पाटी उचलणारा दुसऱ्या जातीचा, अशी व्यवस्था असली की लूट कागदावरच होते. मजुराला तो कागद वाचता येत नसे. म्हणून त्यांच्या लेखी शिक्षणाचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न वेगळे नव्हते.

दुसरा धागा वेठबिगारीचा. महार वतनाच्या नावाखाली सरकारची आणि गावाची कामे नाममात्र मोबदल्यात करून घेतली जात. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले. माणसाकडून काम घ्यायचे आणि दाम द्यायचे नाही, हा जातिव्यवस्थेचा गाभा आहे हे त्यांनी ओळखले होते.

पुढे 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खातेही तेव्हा त्यांच्याच विभागाकडे होते. म्हणजे देशातले एक मोठे काम देणारे खाते आणि कामगारांचे हित पाहणारे खाते एकाच माणसाच्या हाती आले. 1944 साली कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी रेगे समिती नेमली गेली. 11 एप्रिल 1946 रोजी बाबासाहेबांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. 1948 साली त्याचा कायदा झाला, तेव्हा रस्ते आणि इमारत बांधकाम त्याच्या अनुसूचीत होते. 1946 च्याच सुमारास केंद्रीय बांधकाम खात्याच्या करारांत योग्य वेतनाची अट आणि ठेकेदारांसाठी कामगारविषयक नियम आले. तोवर करार म्हणजे खाते आणि ठेकेदार यांचा आपसातला व्यवहार. या अटीने त्यात तिसरा माणूस आला : मजूर.

मग संविधान आले. कलम 23 ने माणसांचा व्यापार, बेगार आणि सक्तीची मजुरी यांना मनाई केली. हे कलम फक्त गावच्या सावकारासाठी आहे असे आपल्याला वाटत आले. त्याचा सरकारी ठेक्याशी असलेला संबंध 1982 साली उघड झाला.

त्या वर्षी दिल्लीत एशियाड भरणार होते. उड्डाणपूल आणि मैदाने बांधायला हजारो मजूर आणले गेले. किमान मजुरी दिवसाला 9 रुपये 25 पैसे होती. ठेकेदार ती जमादाराच्या हाती देई आणि जमादार माणशी एक रुपया कापून घेई. बायांच्या हाती तर सातच रुपये पडत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयात खटला उभा राहिला. सरकारी बाजूने बचाव केला गेला की कायदा मोडला असेल तर तो ठेकेदारांनी, आमच्यावर दावा कशाला? न्या. भगवती यांच्या खंडपीठाने हा बचाव फेटाळला. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही कलम 23 नुसार सक्तीची मजुरी आहे, भूक हीसुद्धा सक्तीच आहे, आणि ठेकेदार मध्ये घातला म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही, असा निकाल आला. बांधकाम हे धोक्याचे काम असल्याने तिथे 14 वर्षांखालील मूल ठेवता येणार नाही, हेही न्यायालयाने कलम 24 च्या आधारे सांगितले.

हा निकाल आपल्या शिबिरांत किती वेळा शिकवला जातो?

कायद्याची यंत्रणा तेव्हाही होती. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात स्पष्ट होते की मजुरी वाटताना मुख्य मालकाचा, म्हणजे खात्याचा, प्रतिनिधी हजर पाहिजे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर खात्याने ती द्यायची आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायची. 1996 च्या कायद्याने बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर आला. सरकारी कामात तो ठेकेदाराच्या बिलातूनच कापला जातो. तरीही सर्वोच्च न्यायालयापुढे आले ते असे की उपकराच्या पैशातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतली गेली. आता हे कायदे नव्या कामगार संहितांत विरघळले आहेत. मजुरीची अंतिम जबाबदारी मुख्य मालकावर राहिली, पण कंत्राटी कामगारांच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा 20 वरून 50 मजुरांवर नेली. म्हणजे 40 मजुरांचा पेटी कंत्राटदार त्यातून सुटला. गावातला रस्ता, समाजमंदिर, नाली ही कामे बहुतेक अशाच लहान टोळ्या करतात.

इथे एक अवघड प्रश्न येतो. आज आपलीच पोरे पेटी कंत्राटदार आहेत. मजूर सहकारी संस्थांसाठी राज्यात लहान कामांचा वाटा राखीव आहे, पण कित्येक संस्थांच्या यादीत मजूर कमी आणि पुढारी जास्त. आपल्या पोराला मिळालेल्या कामाचे बिल वर्ष वर्ष निघत नाही. मग तो मजुराला ‘बिल निघू दे’ म्हणतो. त्याची अडचण खरी आहे. पण बिल थकले म्हणून मजुरी थकवण्याचा हक्क कोणालाच मिळत नाही. त्याने मजुराला सोबत घेऊन खात्याच्या दारात बसावे. मजुरीचा अंतिम देणेकरी तिथेच आहे. मजुराच्या पाठीवर बिलाची वाट पाहणे म्हणजे आपल्याच वस्तीत वेठ चालू ठेवणे.

मग करायचे काय? गावात सरकारी काम सुरू झाले की माहिती अधिकारात कार्यारंभ आदेश, कराराच्या अटी, हजेरीपट, मोजमाप पुस्तिका आणि उपकर भरल्याचा पुरावा मागा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(ञ) नुसार कामाची प्रत्यक्ष पाहणी करता येते आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. मजुरांची नावे, दिवस आणि दर आपल्या वहीत रोज लिहा, कारण खात्याच्या हजेरीपटाशी ताडून पाहायला दुसरा कागद हवा. वर्षभरात 90 दिवस बांधकामावर राबलेल्यांची कल्याण मंडळात नोंदणी करून घ्या. तक्रार ठेकेदाराच्या नावाने करून थांबू नका, मुख्य मालक म्हणून खात्याचे नाव घाला.

जोतीरावांच्या काळी मजुराला कागद वाचता येत नव्हता. आज आपल्या वस्तीत पदवीधर आहेत, वकील आहेत, अभियंते आहेत. त्यांनी आठवड्याचा एक दिवस जरी मजुराचा हजेरीपट वाचण्यात घालवला, तरी कलम 23 संविधानाच्या पानावरून कामाच्या जागेवर येईल.

जय भीम! जय जोती!