घाटाखालून गेलेल्या गाड्या

युरोपातल्या मोठमोठ्या स्टेशनांवर फलाटाच्या अगदी टोकाला काही माणसे तासन् तास उभी असतात. हातात वही, खिशात पेन्सिल, नजर सिग्नलकडे. त्यांना कोठे जायचे नसते आणि कोणाला आणायचेही नसते. दूरदेशीची एखादी अनोखी गाडी आज या वाटेने जाणार आहे, तिचे इंजिन पाहावे, डबे मोजावेत, ती कोठून आली नि कोठे चालली हे टिपून ठेवावे, एवढाच त्यांचा उद्योग. १८८३ साली पॅरिसहून ओरिएंट एक्स्प्रेस सुटू लागली. असल्या गाड्यांची परंपरा ज्यांच्या दारी, त्यांना असला छंद शोभतो, असे कोणी म्हणेल. पण मी शहापूरचा. शहापूरकराला त्यासाठी पॅरिसला जाण्याचे कारण नाही. आमचे आसनगाव स्टेशन आहे तेवढेसे. बहुतेक मेलगाड्या तेथे थांबतही नाहीत, माहुलीच्या किल्ल्याला धावता नमस्कार करून पुढे जातात. पण गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत त्या रुळांवरून जे काही गेले आहे, ते टिपायचे म्हटले तर वह्या पुरणार नाहीत.

ही गाडी आमच्याकडे आली तीच मुळी शेजाऱ्याच्या ताटातला घास आमच्या ताटात पडावा तशी. शहापूर आणि मुरबाड हे सख्खे शेजारी तालुके. त्यांत दळणवळणाचा मान जुन्या काळी मुरबाडचा. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या राज्यात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल मुरबाडच्या वाटेने नाणेघाट चढून जुन्नरला जाई. घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख अजून आहे, आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजणही आहे. १८४० नंतर मुंबईहून देशावर लोहमार्ग नेण्याचे बेत सुरू झाले, तेव्हा साहेबाच्या डोळ्यांपुढेही प्रथम हाच टापू आला. सह्याद्री ओलांडण्यासाठी आरंभीच्या आराखड्यात नाव होते ते नाणेघाटाच्या शेजारच्या माळशेजचे! तो बेत तडीस गेला असता तर आजचा कलकत्ता मेल मुरबाडच्या बाजारपेठेजवळून शिट्टी मारीत गेला असता, आणि आम्ही शहापूरकर तो पाहायला बैलगाड्या जुंपून मुरबाडला गेलो असतो.

पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले याच्या देखरेखीखाली पाहण्या झाल्या आणि माळशेजचा तो उभा तुटलेला कडा नापसंत ठरला. एका घाटाऐवजी दोन घाट निवडले गेले. पुण्याकडे जाण्यासाठी बोरघाट आणि नाशिक-खानदेशाकडे जाण्यासाठी थळघाट. थळघाटाची वाट शहापूर तालुक्यातून जाते. एका अभियंत्याच्या निर्णयाने एका तालुक्याच्या कपाळी रूळ आले आणि दुसऱ्याच्या कपाळी वाट पाहणे आले.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे शाळेतले पोरही सांगेल. पुढची वाटचाल कशी झाली ते मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला आली. १ ऑक्टोबर १८५५ रोजी वासिंदला. तेथून आसनगाव म्हणजे हाकेच्या अंतरावर. पण तेथवर यायला तिला १८६० चा फेब्रुवारी उजाडला. १८६१ च्या १ जानेवारीला ती कसाऱ्याला पोचली आणि बरोबर चार वर्षांनी, १ जानेवारी १८६५ रोजी, घाट चढून इगतपुरीला. बर्कले त्याआधीच, १८६२ साली वारला होता. त्याने आखलेल्या घाटातून पुरी गाडी चढलेली काही त्याला पाहायला मिळाली नाही. आणि ज्या हजारो मजुरांनी पहारीने तो कातळ फोडला, त्यांची तर नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत.

कसारा ते इगतपुरी सुमारे साडेनऊ मैल. तेवढ्यात गाडी जवळजवळ हजार फूट वर जाते. चढ ३७ फुटांना एक फूट. आपल्याला पायी चालताना तो जाणवायचाही नाही, पण शेकडो टनांच्या गाडीला तो जिन्यासारखा वाटतो. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटाशी आणखी दोन-तीन इंजिने जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचे ओढते, मागची ढकलतात. पहिल्या काळात तर घाटात मध्येच एका ठिकाणी गाडी थांबवून इंजिन पुढून मागे आणावे लागे आणि गाडी उलट्या तोंडाने उरलेला चढ चढे. उतरताना ब्रेक निकामी झाला तर गाडी दरीत जाऊ नये म्हणून बाजूला चढणीवर वळणारे रूळ टाकलेले असतात. सुटलेली गाडी त्या चढावर जाऊन आपोआप दम टाकते.

१८७० च्या मार्चमध्ये जबलपूरला दोन कंपन्यांचे रूळ जुळले आणि मुंबई-कलकत्ता हा सलग प्रवास शक्य झाला. साऱ्या जगाला त्याचे अप्रूप वाटले. दोनच वर्षांनी ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या फिलिआस फॉगची कथा लिहिली. हा फॉग मुंबईहून रात्री आठच्या गाडीने निघतो आणि कल्याणवरून घाट चढून खानदेशात उतरतो. म्हणजे तो आमच्या आसनगाववरूनच गेला! कथेतला का होईना, पण शहापूर तालुक्यातून गेलेला हा सर्वांत नामांकित उतारू. रात्रीची वेळ असल्यामुळे आम्ही त्याला पाहिले नाही आणि त्याने आम्हाला पाहिले नाही, एवढेच.

त्यानंतरची मानाची गाडी म्हणजे पंजाब मेल. १ जून १९१२ हा तिचा जन्मदिवस मानतात. विलायतेहून आगबोट बॅलार्ड पिअरला लागली की टपालाच्या थैल्या आणि गोरे अधिकारी यांना घेऊन ही गाडी थेट पेशावरला जाई. सहा डबे, त्यांतले तीन टपालाचे. उतारू सारे मिळून शंभराच्या आत. अडीच हजार किलोमीटरांची वाट ती सत्तेचाळीस तासांत तोडी. तिसऱ्या वर्गाचे डबे तिला लागले ते १९३० नंतर. तोवर आमच्या लोकांनी ती फक्त पाहायची. फाळणी झाली, पेशावर परक्या देशात गेले आणि मेल फिरोजपूरला थांबू लागला. आसनगावच्या फलाटावर उभे राहून एखाद्याने केवळ त्या गाडीच्या शेवटच्या स्टेशनाची नोंद ठेवली असती, तरी हिंदुस्थानचा इतिहास त्याच्या वहीत उतरला असता.

माझ्या वडिलांच्या आठवणीतल्या गाड्या निराळ्या. दुसऱ्या महायुद्धात देवळालीच्या छावणीकडे जाणाऱ्या लष्करी गाड्या. खिडक्याखिडक्यांतून दिसणारे कोवळे, उन्हाने लालबुंद झालेले चेहरे. यांतले कितीजण परत जाणार, असा प्रश्न तेव्हा आजीने विचारला होता, असे वडील सांगत. त्या गाड्यांना विजेचे इंजिन असे. घाटापर्यंतचा मार्ग १९३० सालीच विजेवर आला होता. मालगाड्यांसाठीची ती लांब नाकाची इंजिने. त्यांतली पहिली दहा स्वित्झर्लंडात घडली होती. उभी असली की कण्हत, आणि चालू लागली की बाजूचे दांडे असे हलत की आमच्या लोकांनी त्यांचे नाव ठेवले ‘खेकडा’. मी लहानपणी पुष्कळ खेकडे पाहिले. आल्प्सच्या पायथ्याशी जन्मलेले हे जनावर सह्याद्रीच्या पायथ्याशी म्हातारे झाले.

या विजेच्या संदर्भात मुरबाडचे ऋण सांगितलेच पाहिजे. १९४२ च्या चळवळीत भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. त्या विजेवर मुंबईचे कारखाने आणि आगगाड्या चालत. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तेथे धारातीर्थी पडले. ज्या तालुक्याला गाडी कधी मिळाली नाही, त्याच तालुक्याच्या रानाने साम्राज्याची गाडी अडवणाऱ्यांना आसरा दिला.

स्वातंत्र्यानंतरच्या गाड्यांचा थाट वेगळा. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना १९७७ च्या डिसेंबरात हावडा-मुंबई गीतांजली सुरू झाली. तिच्यात वर्गच नव्हते, सारे उतारू एका पंक्तीला! १९९१ साली मुंबईहून जीवनरेखा निघाली. रुळांवरचे ते जगातले पहिले रुग्णालय. मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, बहिरेपण, पोलिओने वाकलेले पाय यांवरच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरच रोग्याच्या गावी जाऊ लागले. इंग्रजाच्या काळी टपालासाठी डबे होते, आता रोग्यांसाठी झाले. मला हा फरक लहान वाटत नाही.

२०१७ साली ऐन गणपतीत, २९ ऑगस्टला सकाळी, नागपूरहून येणारी दुरांतो वासिंद आणि आसनगावच्या दरम्यान रुळांवर आलेल्या दरडीच्या मातीत अडकून घसरली. इंजिन आणि नऊ डबे रुळांखाली गेले, परंतु सुदैवाने एकही जीव गेला नाही. कधी न थांबणारी गाडी त्या दिवशी आमच्या शिवारात थांबली ती अशी.

पण माझ्या वहीतली सर्वांत अनोखी गाडी मी पाहिली ती २०२० च्या मे महिन्यात. टाळेबंदीमुळे रूळ गंजू लागले होते. शेजारच्या मुंबई-नाशिक रस्त्यावरून मात्र माणसांची रीघ लागली होती. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरे, आणि कसारा घाट पायी चढायचा! गावोगावच्या लोकांनी त्यांना पाणी दिले, खिचडी दिली. मग श्रमिक गाड्या सुरू झाल्या. या गाड्यांना वेळापत्रक नव्हते, डब्यावर नाव नव्हते, फलाटावर निरोप देणारे कोणी नव्हते. २१ मे रोजी वसईहून गोरखपूरला निघालेली अशीच एक गाडी कल्याण-भुसावळच्या या वाटेने गेली. पुढे मार्ग तुंबल्याने तिला इतके वळवले गेले की उत्तर प्रदेशाऐवजी ती आधी ओडिशातल्या राउरकेल्याला पोचली. लोकांना त्याची गंमत वाटली. भर उन्हाळ्यात पोरेबाळे घेऊन त्या डब्यांत बसलेल्यांना काय वाटले असेल, ते पंजाब मेलच्या कोणत्याही गोऱ्या उतारूला कधी कळले नसते. सत्तेचाळीस तासांची शर्यत लावणारी गाडी याच रुळांवरून गेली आणि आपण कोठे पोचणार हे ठाऊक नसलेली गाडीही याच रुळांवरून गेली.

आणखी एका गाडीची नोंद मी तिला न पाहताच केली आहे. एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायू आणण्यासाठी रिकाम्या टँकरांची गाडी कळंबोलीहून विशाखापट्टणमला निघाली. वाघिणीवर चढवलेले ते टँकर घाटाच्या मापात बसेनात, म्हणून तिला वसई-सुरतेच्या वळशाने भुसावळ गाठावे लागले. साथीच्या त्या घाईतसुद्धा जुन्या घाटाने आपला हिशेब सोडला नाही.

आता तोही हिशेब बदलू लागला आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेली मुंबई-दिल्ली राजधानी पुढे-मागे एकेक इंजिन लावून घाट चढू लागली. फेब्रुवारी २०२३ पासून शिर्डीची वंदे भारत तर कसाऱ्याला बँकर न घेताच जाते. माझा नातू तिला बघून टाळ्या वाजवतो, आणि मी मात्र सवयीने शेपटाकडे पाहत राहतो. मागून ढकलणारे कोणी नाही, हे अजून डोळ्यांना पटत नाही.

मुरबाडकडच्या आमच्या आत्याबाई दिवाळीला भावाकडे यायच्या त्या सरळगाव-किन्हवलीच्या वाटेने एस्.टी.ने. भाऊबीज झाली की त्यांचा हट्ट एकच, आसनगावला नेऊन गाडी दाखवा. एकदा मी म्हटले, “आत्या, एवढं काय बघता गाडीत? तुम्हाला कोठं जायचंय?”

त्या म्हणाल्या, “मला नाही रे जायचं कुठं. पण आमच्या गावाला येणार होती ना ती? नांदायला तुमच्याकडे आली, तर तिला सणासुदीला बघून तरी जावं.”

कल्याण-मुरबाड मार्गाची मागणी पिढ्यान् पिढ्यांची आहे. आता त्याला मंजुरीही मिळाली आहे. परंतु हे लिहीत असताना मुरबाड तालुक्यात गाडी धावत नाही. ती जेव्हा धावेल तेव्हा ती पेशावरची मेल नसेल, फॉगही तिच्यात नसेल. कल्याणच्या बाजाराची भाजी, कॉलेजची पोरे, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे असा तिचा साधा संसार असेल. असो. शहापूरकरांनी तरी त्या दिवशी वही घेऊन मुरबाडच्या फलाटावर हजर राहिले पाहिजे. इतकी वर्षे त्यांच्या वाटणीच्या गाड्या आपण पाहिल्या, त्याची तेवढी फेड तरी होईल.