काकांचं लिव्हर आणि स्टॅव्हुडिन

दिवाळीच्या आधी कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये सोनोग्राफी झाली. रिपोर्ट : 'ग्रेड वन फॅटी लिव्हर'. दिवसभर खुर्ची, रात्री पिझ्झा, म्हणजे आश्चर्य शून्य :) सुट्टीत गोंदियाला गेलो तेव्हा ओळखीतल्या एका काकांना सांगितलं. ते हसले. "माझंबी आहे ना बाप्पा, कधीचं."

काकांना एचआयव्ही आहे हे मला त्या दिवशी कळलं. (त्यांना विचारूनच लिहितोय.) लहानपणी पाहिलेले त्यांचे खोल गेलेले गाल, काडीसारखे हात आणि पुढे आलेलं पोट आठवलं. गल्लीत सगळे म्हणायचे, दारूनं लिव्हर गेलं. थेंबही न घेणाऱ्या काकांनी ते कधी खोडलं नाही. खरं सांगण्यापेक्षा दारुडा म्हणवून घेणं परवडायचं.

मग वीकेंडभर वाचत बसलो. एचआयव्हीवरच्या औषधांचा खर्च एकेकाळी माणशी वर्षाला 10 हजार डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी 2001 मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा संच 350 डॉलरला देऊ केला. 1 एप्रिल 2004 पासून सरकारनं आठ केंद्रांत मोफत उपचार सुरू केले, त्यात मुंबईचं जे.जे. होतं. गोंदियाहून हजारेक किलोमीटर!

त्या स्वस्त संचातलं एक औषध स्टॅव्हुडिन. 1960 च्या दशकात जेरोम हॉर्विट्झ यांनी ते कॅन्सरसाठी बनवलं होतं, तिथे चाललं नाही. ते डीएनएच्या एका घटकाची नक्कल करतं आणि विषाणूची प्रत अर्धवट तोडतं. गोची अशी, की आपल्या पेशीतल्या मायटोकाँड्रियाचं कॉपी मशीनही त्याला फसतं. मग चरबी जळत नाही, ती लिव्हरमध्ये साठते. गालांतली मात्र झडते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मध्ये हे औषध टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं.

म्हणजे 2004 चा निर्णय चुकला का? मला नाही वाटत. तेव्हा दुसरा पर्याय मरण होता.

काका आता डोल्युटेग्राविरवाल्या गोळीवर आहेत. लिव्हर या गोळीनं सहसा बिघडत नाही, पण काहींचं वजन वाढतं. काकांचं वाढलंय, साठी आलीय, शुगरही आहे. म्हणजे आता त्यांच्या लिव्हरची कारणं बरीचशी माझ्यासारखीच. डॉक्टरांनी दोघांनाही तेच सांगितलंय : चाला, वजन कमी करा.

माझा रिपोर्ट उलटसुलट बघत काकांनी विचारलं, "तुले लोक काय म्हणतात मग?"

"आयटीवाला आहे, बसून बसून झालं असेल म्हणतात."

"बरं आहे तुझं," म्हणाले.